‘व्हर्टिगो’चं पोस्टर वर्गात पुन्हा करताना

‘एखादं गाजलेलं पोस्टर जसंच्या तसं पुन्हा करा’ ही असाइनमेंट मीडियाच्या जवळपास प्रत्येक कोर्समध्ये असते, आणि बहुतेक वेळा त्यासाठी चुकीचं पोस्टर निवडलं जातं. नटांचे चार चेहरे, मागे धूर, उडणाऱ्या ठिणग्या. असलं पोस्टर पुन्हा करणं म्हणजे फोटोशॉपमध्ये मास्क लावायचा सराव. तो करावाच, पण रचनेबद्दल त्यातून फारसं हाती लागत नाही.

ग्राफिक डिझायनर सॉल बासनं १९५८ साली हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’ (म्हणजे भोवळ) या सिनेमासाठी केलेलं पोस्टर या कामाला नामी आहे. रंग तीनच: केशरी-लाल, काळा, पांढरा. एक भोवरा, त्याच्या मधोमध दोन माणसं, आणि अक्षरं. पाहताक्षणी वाटतं, दोन तासांत होईल. होत नाही, कारण या पोस्टरमध्ये दोन वेगळ्या जातीच्या रेषा आहेत. भोवरा गणिती आहे. त्यात हाताचा थरकाप कुठेच नाही. माणसं आणि अक्षरं मात्र कात्रीनं कापल्यासारखी, कोनेदार, थोडी ओबडधोबड. काटेकोर भोवऱ्यात ओबडधोबड माणसं पडतात, आणि चित्र चालतं ते या विजोडामुळेच. वर्गातल्या नकला फसतात त्या इथे. कुणी सगळं संगणकावर करतं, मग माणसं चिन्हासारखी गुळगुळीत होतात. कुणी सगळं हातानं करतं, मग भोवरा रांगोळीसारखा वाकडातिकडा होतो. म्हणून पहिला नियम: भोवरा यंत्राला द्या, बाकीचं कात्रीला.

कागदाचं माप

त्या काळातलं अमेरिकन ‘वन शीट’, म्हणजे एका कागदावरचं, पोस्टर २७ बाय ४१ इंचांचं. म्हणजे उंची रुंदीच्या १.५२ पट. ए-३ कागदाचं प्रमाण १.४१ आहे, त्यामुळे ए-३ वर काम सुरू केलं की पोस्टर आपोआप बुटकं होतं आणि भोवऱ्याभोवतीचा मोकळा रंग कमी पडतो. विद्यार्थी मग भोवरा लहान करतात, आणि तिथून सगळंच बिघडत जातं. आपल्याकडच्या डिजिटल प्रिंटवाल्याकडे १३ बाय १९ इंचांचा कागद असतो, आणि तो कापून १२ बाय १८ देतात. हे माप जवळजवळ नेमकं बसतं: १८ इंच उंची धरली तर रुंदी ११.८५ इंच, म्हणजे मिलिमीटरमध्ये ३०१ बाय ४५७. फाइल याच मापाची करायची, चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारा जादा रंग) ठेवायची, आणि कापणाऱ्याला ‘बारा बाय अठरा’ असं तोंडी न सांगता कापायच्या खुणा फाइलमध्येच टाकायच्या. तोंडी सांगितलं की तो सवयीनं पूर्ण बारा इंच ठेवतो.

हिंदी सिनेमाचं जुनं वन शीट ३० बाय ४० इंचांचं होतं, प्रमाण १.३३. त्यामुळे ‘आपलं’ जुनं पोस्टर आणि हे पोस्टर शेजारी ठेवून तुलना करायची असेल तर दोन्हींची उंची सारखी ठेवावी, रुंदी नाही.

मूळ पोस्टरचं चांगलं स्कॅन घ्या. लांबीच्या बाजूला निदान २००० पिक्सेल तरी हवेत. नेटवर फिरणाऱ्या प्रतिमांमध्ये पुनर्मुद्रणं, चाहत्यांनी केलेल्या आवृत्त्या आणि इतर देशांची पोस्टरं सर्रास मिसळलेली असतात. ओळखायची सोपी खूण घड्या: ही पोस्टरं घडी घालून चित्रपटगृहांना पाठवली जात, त्यामुळे अस्सल प्रतीच्या स्कॅनवर आडव्या-उभ्या घड्यांच्या रेषा बहुधा दिसतात. स्कॅन फाइलमध्ये सर्वांत खालच्या लेयरवर ठेवा, लॉक करा, ३० टक्के अपारदर्शकता द्या. त्यावर रुंदीत आठ आणि उंचीत बारा चौकटींची जाळी घाला. भोवऱ्याचं केंद्र कुठल्या चौकटीत येतं, त्याची बाहेरची कड डाव्या-उजव्या काठापासून किती दूर, शीर्षकाची उंची किती चौकटी, माणसाचं डोकं कुठल्या दिशेला, हे सगळं आधी कागदावर लिहून काढा. हे न करता थेट गिरवायला बसणारा गट शेवटी सर्वांत मागे राहतो.

भोवरा

इथे वेळ द्यायचा.

चित्रपटाच्या सुरुवातीच्या श्रेयनामावलीतले फिरते आकार अ‍ॅनिमेशन करणाऱ्या जॉन व्हिटनीनं केले होते. ते लिसाजू आकृत्यांच्या कुळातले. एकोणिसाव्या शतकातल्या ज्यूल लिसाजू या फ्रेंच शास्त्रज्ञाचं नाव त्यांना आहे. एक झोका आडवा, एक उभा, दोन्हींचा मेळ झाला की बिंदू जी वाट काढतो ती ही आकृती. पोस्टरवरचा भोवराही याच घराण्यातला. म्हणून तो सॉफ्टवेअरमधल्या स्पायरल टूलनं येत नाही, आणि विद्यार्थी सर्वांत आधी हात घालतात तो नेमका त्याच टूलला. त्यातून येते डासांच्या कॉइलसारखी एकच गुंडाळी. पोस्टरमध्ये मात्र रेषा काही ठिकाणी दाटतात, काही ठिकाणी सुटतात, आणि दाट भागांचे पट्टे आत वळत जातात. एकामागून एक थोडी थोडी फिरलेली, थोडी थोडी लहान झालेली लंबवर्तुळं घेतली की हा परिणाम मिळतो.

तत्त्व हातात यावं म्हणून आधी इंकस्केप या रेखाटनाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एक प्रयोग करा. एक्स्टेन्शन्स मेनूत रेंडरखाली स्पायरोग्राफ आहे: मोठ्या कड्यात (रिंग) फिरणारं चाक (गिअर) आणि त्यात खोचलेलं पेन. रिंग रेडियस २१०, गिअर रेडियस १०५, पेन रेडियस ६०, गिअर आतल्या बाजूला. निघेल फक्त एक लंबवर्तुळ, कारण गिअर रिंगच्या बरोबर निम्मा आहे. आता रिंग २१३ करा, बाकी काही बदलू नका. तेच लंबवर्तुळ दर फेरीला साधारण ५ अंश सरकत ३५ फेऱ्यांनी स्वतःला येऊन मिळतं. बाहेरची त्रिज्या १६८, आतलं भोक ४८. नुसत्या तीनच्या फरकानं अंड्याचं जाळीदार कडं झालं. क्वालिटी १६ वरच राहू द्या.

पण हे कडं म्हणजे पोस्टरचा भोवरा नव्हे. त्यात सगळी लंबवर्तुळं एकाच आकाराची आहेत, म्हणून ते गरगरतं पण आत ओढत नाही. आत ओढायला आकार घटला पाहिजे.

इंकस्केपमध्ये: एक लंबवर्तुळ काढा, २६० मिमी बाय २०८ मिमी, म्हणजे ५:४. आत रंग नाही, रेषा पांढरी, जाडी ०.८ मिमी. मग एडिट, क्लोन, क्रिएट टाइल्ड क्लोन्स. ओळ १, स्तंभ ३६. शिफ्टमध्ये दर स्तंभाला आडवं सरकणं उणे १०० टक्के. हे विसरलात तर छत्तीस लंबवर्तुळं मालगाडीसारखी एका रांगेत उभी राहतील. रोटेशन दर स्तंभाला ५ अंश. स्केल दर स्तंभाला दोन्ही दिशांनी उणे २.२ टक्के. शेवटचं लंबवर्तुळ मूळच्या २३ टक्के उरतं आणि एकूण फिरणं १७५ अंश होतं. लंबवर्तुळ १८० अंशांत पुन्हा जसंच्या तसं दिसतं, म्हणून हा आकडा सोयीचा.

५:४ हे प्रमाण उगाच नाही. वर्तुळ घेतलं तर कितीही फिरवा, फरक दिसणार नाही. नेमबाजीचं लक्ष्य तयार होईल. २:१ असं लांबुडकं घेतलं तर शेजारच्या रेषा एकमेकींना ओलांडतात आणि भोवऱ्याऐवजी जाळं दिसतं. दर पायरीला ५ अंश फिरणं आणि २.२ टक्के घटणं यात ५:४ ला रेषा एका जागी जवळजवळ टेकतात पण ओलांडत नाहीत. बाहेरच्या कडेला दाट जागी अंतर अर्ध्या मिलिमीटरहून कमी, सुट्या जागी पाच मिलिमीटरच्या आसपास. दाट जागी रेषा मिसळून पांढरा पट्टा तयार होतो, आणि डोळा तो पट्टा धरून आत जातो.

इलस्ट्रेटर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रान्सफॉर्म ईच वापरून ९६ टक्के आणि ५ अंश द्या, कॉपी दाबा, मग एकूण पस्तीस प्रती होईपर्यंत कंट्रोल-डी. शेवटचा आकार साधारण २४ टक्के, म्हणजे जवळपास तोच. पण इथे घट दर वेळी आधीच्या आकाराच्या चार टक्के आहे, त्यामुळे केंद्राकडे रेषांमधली अंतरं आक्रसत जातात. इंकस्केपच्या पद्धतीत घट सरळ असल्यानं ती तशी आक्रसत नाहीत. म्हणून इलस्ट्रेटरमध्ये लंबवर्तुळ ३:२ घ्यावं लागतं, नाहीतर पट्टे उमटतच नाहीत. दोन्ही करून स्कॅनवर ठेवून बघा आणि जवळचं ते निवडा. केंद्र अगदीच घट्ट होत असेल तर आतली चार-पाच लंबवर्तुळं सरळ पुसून टाका. माणसांना उभं राहायला, म्हणजे पडायला, जागा हवीच.

एक खोडी: क्लोन लहान झाला की त्याची रेषाही बारीक होते. ०.८ मिमीची रेषा आत ०.२ मिमीच्या आसपास येते आणि छपाईत केशरी रंग तिला गिळतो. क्लोन सुटे करा, सगळे निवडा आणि एकच जाडी द्या. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसमधलं ‘स्केल स्ट्रोक्स अँड इफेक्ट्स’ आधीच बंद करा. पूर्ण झाल्यावर सगळा भोवरा पाच-दहा अंश इकडेतिकडे फिरवून स्कॅनशी जुळवा. दाट पट्टे कुठल्या कोपऱ्यातून आत शिरतात यावर पोस्टरचा तोल अवलंबून आहे.

दोन माणसं

पोस्टरवरच्या आकृत्या बासचा सहकारी आर्ट गुडमन यानं काढल्या. पुरुष भरीव काळा, बाई नुसत्या बाह्यरेषेत, आतून पोकळ. सिनेमा पाहिलेल्यांना या फरकाचं कारण सांगायला नको. न पाहिलेल्यांनी असाइनमेंटआधी पाहून घ्यावा.

पोझसाठी वर्गातल्या मित्राचा फोटो काढायला हरकत नाही, पण त्याला टेबलावरून उडी मारायला लावू नका. जमिनीवर पांढरी चादर, त्यावर त्याला कुशीवर आडवं झोपवायचं, हातपाय फेकलेले, आणि फोटो पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून नाहीतर जिन्यावरून सरळ खाली. मोबाइल चालतो, फक्त वाइड लेन्स नको. ती डोकं मोठं आणि पाय चिमुकले करते. थोडं झूम करा. कपडे अंगाला बसणारे हवेत. सैल शर्ट जमिनीवर पसरतो आणि छायाकृतीत माणूस वटवाघूळ दिसतो.

या फोटोचं ऑटो ट्रेस, म्हणजे सॉफ्टवेअरकडून आपोआप गिरवणं, करू नका. सगळ्यात जास्त केला जाणारा आणि सगळ्यात जास्त दिसून येणारा शॉर्टकट तो. ट्रेस केलेल्या कडेला कापडाच्या चुण्या, बोटांचे गठ्ठे, बुटाच्या लेसा, सगळं येतं. फोटोचा प्रिंटआउट काढा, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि आकृती फक्त सरळ रेषांच्या तुकड्यांत बसवा. पुरुषाला पंचवीस ते तीस तुकडे पुरतात. कोपर, गुडघा, टाच इथे कोन. मांडी आणि पाठ इथे लांब सरळ रेघ. बोटं दोन-तीन टोकांत उरका. मग ती आकृती काळ्या कार्डशीटवर उतरवून कात्रीनं कापा. लांब रेघ कात्रीच्या एका चालीत यायला हवी. मध्ये थांबलात की तिथे बारीक दात उमटतो. कात्री हलवू नका, कागद फिरवा. आकृती १५ सेंटिमीटर तरी करा. पोस्टरवर ती त्याहून लहान बसते, पण कापताना मोठी असली की चुका छोट्या होतात.

बाईच्या बाह्यरेषेला कात्री चालत नाही, कटर लागतो. ३० अंशांचं टोकदार पातं आणि कटिंग मॅट. आधी आतला पोकळ भाग काढायचा, बाहेरची कड शेवटी. उलट केलं तर हातात दोन-तीन मिमी रुंदीची कागदी पट्टी उरते आणि आतली बाजू कापताना ती फाटते. रेषेची जाडी सगळीकडे सारखी ठेवण्याची धडपड करू नका. ती जाडबारीक झाली तरच बाई पुरुषाच्या घरची वाटते.

अक्षरं

‘हिचकॉक’ नावाचा एक फॉन्ट नेटवर मिळतो, तो बासच्या अक्षरांवरूनच बेतलेला आहे. शीर्षकात तो वापरला तर चोरी पकडणं कठीण, कारण ‘व्हर्टिगो’च्या इंग्रजी सात अक्षरांत एकही अक्षर दोनदा येत नाही. जेम्स स्ट्युअर्ट आणि किम नोवाक या प्रमुख नटांच्या नावांत मात्र लगेच उघडं पडतं: स्ट्युअर्टमधले दोन्ही ‘टी’ हुबेहूब सारखे, ‘किम नोवाक’च्या दोन्ही टोकांचे ‘के’ सारखे. कात्रीला एकच अक्षर दोनदा तसंच्या तसं कापता येत नाही.

काळा घोटीव कागद घ्या, तो पातळ आणि कापायला सोपा. अक्षराएवढ्या उंचीची पट्टी कापा आणि पेन्सिलीशिवाय, डोळ्यासमोर स्कॅन ठेवून, अक्षरं थेट कापत जा. प्रत्येक अक्षर तीनदा कापा आणि बरं ते ठेवा. इथला ओबडधोबडपणा वाटेल तसा नाही, हे मात्र नीट बघा. उभे दांडे एका टोकाला जाड होतात, तळरेषा किंचित डगमगते, पण काळ्याचं वजन अक्षरागणिक जवळपास सारखं राहतं. वजन सुटलं की ते हॅलोविनच्या जाहिरातीसारखं दिसायला लागतं.

चिकटवायला फेव्हिकॉल नको. पाण्यानं पातळ कागद सुरकुततो आणि स्कॅनमध्ये त्या सुरकुत्यांच्या सावल्या येतात. ग्लू स्टिक पुरे. पांढऱ्या कार्डवर लावून ६०० डीपीआयला ग्रेस्केल स्कॅन करा, थ्रेशोल्डनं शुद्ध काळं-पांढरं करा. हे मात्र ट्रेस करायला हरकत नाही, कारण कड आधीच कात्रीची आहे. इंकस्केपच्या ट्रेस बिटमॅपमध्ये ‘स्मूथ कॉर्नर्स’ शून्याच्या जवळ आणा. ते १ वर राहिलं तर तासभर राबून मिळवलेले कोन सॉफ्टवेअर एका क्लिकमध्ये घासून गोल करतं.

तळाची बारीक श्रेयनामावली हातानं कापण्यात अर्थ नाही. साधा अरुंद सॅन्स फॉन्ट घ्या.

रंग आणि छपाई

मूळ केशरी नेमका कोणता, यावर वाद घालून उपयोग नाही. साठ-पासष्ट वर्षांत कागद पिवळतो, शाई उडते, आणि प्रत्येक स्कॅन करणाऱ्याचा मॉनिटर वेगळा. छपाईच्या चार शायांचं प्रमाण टक्क्यांत सायन ०, मॅजेंटा ८०, यलो ९५, ब्लॅक ० इथून सुरुवात करा. मॅजेंटा ७५ ते ८५ मध्ये पाच चौकोनांची पट्टी करून प्रिंटवाल्याकडे आधी तेवढीच छापून घ्या. फाइल पहिल्यापासून सीएमवायकेमध्ये, म्हणजे याच चार शायांत, ठेवा. आरजीबीमधला, म्हणजे पडद्यावरचा, झळाळता केशरी छपाईत विटकरीच होतो, आणि मग प्रिंटवाल्याशी उगाच भांडण.

काळ्या आकृतीला नुसता १०० टक्के काळा दिला तर केशरीच्या शेजारी तो राखाडी भासतो. सायन ४०, मॅजेंटा ४०, यलो ३०, ब्लॅक १०० द्या. बारीक अक्षरांना मात्र नुसता काळाच, कारण चार शाया किंचित हलल्या की अक्षरांना रंगीत झालर लागते. केशरीतून कोरलेल्या पांढऱ्या रेषांनाही हाच धोका: मॅजेंटा आणि यलो थोडे सरकले की रेषेची एक कड गुलाबी, दुसरी पिवळी. ०.८ मिमीला हे खपतं, त्याच्या निम्म्याला खपत नाही.

कागद मॅट, २२० ते ३०० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम). चकचकीत आर्ट पेपरवर ट्यूबलाइटची पट्टी पडते आणि भोवरा दिसतच नाही. एवढ्या मोठ्या एकसंध केशरी भागात डिजिटल मशीन कधी कधी आडवे पट्टे उमटवतं. केशरीवर दोन-तीन टक्के बारीक ग्रेन (कणांचा खरखरीत पोत) टाकला तर ते झाकले जातात. फ्लेक्सवर छापू नका. रेषाच संपतात.

तपासायचं असं: तुमचा लेयर आणि स्कॅनचा लेयर भराभर चालू-बंद करा, जे उडी मारेल ते चुकलं. मग पोस्टर दोन सेंटिमीटर उंचीचं करून बघा. मूळ पोस्टर त्या आकारातही ओळखू येतं. तुमच्या पोस्टरमधला पुरुष तिथे ठिपका झाला असेल तर हातपाय शरीरापासून पुरेसे सुटे नाहीत. ट्रेसिंग पेपरकडे परत जा.

वेळ उरला तर दुसरा टप्पा देवनागरीचा. शीर्षक ‘भोवळ’ घ्या आणि त्याच कात्रीनं कापा. सगळ्या शब्दावर एकच सलग शिरोरेघ ओढली की तीन अक्षरं दोरीवर वाळत घातल्यासारखी दिसतात. शिरोरेघ प्रत्येक अक्षराची वेगळी, थोड्या वेगळ्या कलाची, मध्ये एक-दोन मिमी फट. ओकाराची मात्रा शेवटी वेगळी कापून लावा. अक्षरासकट कापायला गेलं तर तिचं टोक हमखास तुटतं. ‘व’ची पोकळी आणि ‘ळ’ची दोन वेटोळी कापायला कात्री आत घुसवू नका. बाहेरच्या कडेवरून एक सरळ छेद घ्या, आत वळा, पोकळी काढा. छेद तसाच दिसू द्या.

नकलेच्या हक्काचं म्हणाल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(आय) शिक्षक किंवा विद्यार्थ्यानं शिकवण्याच्या ओघात केलेली नक्कल मोकळी ठेवतं. वर्गाबाहेर गोष्ट वेगळी. दिग्दर्शक स्पाइक लीच्या ‘क्लॉकर्स’ या सिनेमाचं १९९५ चं पोस्टर बासच्याच १९५९ च्या ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डर’शी इतकं मिळतंजुळतं निघालं की बासनं जाहीर नाराजी व्यक्त केली. तेव्हा पोस्टरच्या मागे ‘वर्गातील सराव, मूळ रचना: सॉल बास, १९५८’ एवढं लिहा, आणि कॉलेजच्या फेस्टमध्ये ते टी-शर्टवर छापून विकायचा बेत असेल तर त्यासाठी स्वतःचं पोस्टर करा.